ओटीपी बाबांच्या नंबरवर

६ जुलै

संस्थेने सगळ्या शिक्षकांना एकेक डायरी दिली. मागितली होती पगारवाढ. अर्धं वर्ष संपल्यावर वाटलेली डायरी म्हणजे कुणाच्या तरी गोदामात पडून राहिलेला माल, हे कळायला इंग्रजी यावं लागत नाही. पण फुकटातलं वाया घालवायचं नाही हे आमच्या घरचं वळण, म्हणून लिहायला घेतली.

आजची बातमी अशी की मायदेशातल्या आयकर खात्याला माझी आठवण येतेय. हे मला कळवलं सीएदादाने. सीएदादा म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. तो नात्यातल्या सगळ्यांची रिटर्न्स फुकट बघून देतो आणि त्याची किंमत आयुष्यभर ऐकवून वसूल करतो. ‘रिटर्न भरायचं आहे की नाही? महिनाअखेर शेवटची तारीख. परदेशात गेलं म्हणजे सुटलं असं नसतं.’ मी काय सुटायला आलेय? इंग्रजी शिकवायला आलेय. पण गेल्या वर्षी इथे येण्याआधी काही महिने मी तिकडे कॉलेजात शिकवत होते आणि जाता जाता त्यांनी पगारातून भरमसाट कर कापला. तो परत हवा असेल तर रिटर्न भरणं भाग आहे.

साइट उघडली. पासवर्ड बरोबर निघाला, हाच मोठा चमत्कार. मग म्हणे ओटीपी पाठवलाय. कुठे? बाबांच्या मोबाइलवर. माझा पहिला पगार झाला तेव्हा हे खातं बाबांनीच उघडून दिलं होतं. म्हणाले होते, ‘तुझा नंबर दर दोन वर्षांनी बदलतो. माझा टाकू, तो कायम असतो.’

बाबा वीज कंपनीत मीटर रीडर होते. कायम हा त्यांचा लाडका शब्द. मी कॉलेजातली कायमची नोकरी सोडून परक्या देशात कराराने शिकवायला निघाले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘कर तुझ्या मनासारखं.’ आपल्या घरांमधून या वाक्याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. मीही त्यांच्याशी बोललेले नाही. वर्ष होत आलं. मला काही फरक पडत नाही.

फोन केला नाही. बघू.

८ जुलै

फोन केला. अर्थात आईला. शिक्षकांच्या खोलीतून, झेरॉक्स मशीनच्या घरघरीत.

‘आई, बाबांच्या मोबाइलवर मेसेज आलाय. त्यातले सहा आकडे वाच.’

‘मला मेलीला ते बारीक दिसतंय होय? थांब. अहो, हिचे आकडे वाचा.’

मागून आवाज आला, ‘तिला सांग, चष्मा सापडत नाहीये.’

‘डोळ्यांवर आहे की!’

‘हा लांबचा.’

जवळचा सापडेपर्यंत दहा मिनिटं उलटली आणि ओटीपी बाद झाला. या माणसाने उभी हयात जिन्याखालच्या अंधारात, जळमटं बाजूला सारत, लोकांची कुत्री चुकवत मीटरचे आकडे टिपले. विजेरी नसली तर काडी ओढून टिपले. त्यांना उजेडात, स्वतःच्या खुर्चीत बसून, सहा आकडे दिसत नाहीत. धन्य आहे.

९ जुलै

आज चष्मा सापडला होता. बाबा आईला आकडा सांगत, आई तो मला सांगे. फोन स्पीकरवर होता, मला दोघांचंही ऐकू येत होतं, तरी ही पद्धत.

‘पाच,’ बाबा म्हणाले.

‘पाच म्हणतायत गं.’

‘पाच की सात, विचार.’

‘अहो, पाच की सात?’

‘तिला सांग, पाच म्हणजे पाच.’

तीन माणसं, एक भाषा आणि मध्ये दुभाषी. संयुक्त राष्ट्रसंघातसुद्धा याहून पटापट कामं होत असतील. तरी आज एकदाची आत शिरले. मग वाटलं, आता निवांत चहा घेऊन बसावं. चहा ठेवायला उठले, पाच-दहा मिनिटं खिडकीशी उभी राहिले, खालच्या लाँड्रीवाल्याचं चादरी वाळत घालणं बघितलं. परत आले तर साइटने मला बाहेर काढलेलं. आता परत आत जायचं तर परत ओटीपी. या सरकारी साइट्सना काडीची माणुसकी नाही.

१३ जुलै

आज प्रौढांच्या वर्गात धडा होता ‘टेलिफोनवर बोलणे’. बँकेतल्या बाईंना आई केलं, दंतवैद्याला मुलगा. पुस्तकात फक्त ‘कशी आहेस’ आणि ‘रविवारी येतो’ एवढंच आहे. पण या दोघांना चेव चढला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तब्येत झाली, शेजारी झाले, कोण कुणाला काय म्हणालं ते झालं. वर्ग हसून हसून बेजार. शेवटी मी थांबवलं. म्हटलं, अभ्यासक्रमात एवढं नाही. दंतवैद्य जरासा हिरमुसला. हिरमुसू दे.

मधल्या सुट्टीत आमच्या सल्लागाराने गाठलं. हा आपल्याच देशातला, माझ्या शेजारच्या वर्गावर शिकवतो. कुणी न विचारता सल्ला देतो म्हणून मी त्याचं हे नाव ठेवलंय. त्याला ते कौतुकाचं वाटतं. म्हणाला, ‘ओटीपीसाठी घरी काय फोन करत बसता? साइटवर तुमचा इथला नंबर टाका ना! दोन मिनिटांचं काम.’

मी म्हटलं, नंबर बदलण्यात धोका असतो. त्याने विचारलं, कसला? मी म्हटलं, असतो. एवढ्या-तेवढ्यासाठी सरकारदरबारी नोंदी बदलत बसायच्या का? माणसाने काही तत्त्वं पाळायला हवीत.

१४ जुलै

सीएदादाचा फोन. ‘अजून झालं नाही? अगं, फॉर्म भरून झाला की तो पक्का करायला नेट बँकिंग वापर. ओटीपी लागतच नाही.’

त्याला सांगितलं, नेट बँकिंगचा पासवर्ड विसरलेय. त्याने एवढा मोठा सुस्कारा टाकला की माझ्याबद्दल वाटलेली लाज इथपर्यंत पोचवता आली असती तर त्याने ती कुरिअरने पाठवली असती.

दुपारी मोकळा तास होता. मुदतठेवीवर किती व्याज मिळालं तो आकडा हवा होता, तो नेट बँकिंगवरून उतरवून घेतला.

१७ जुलै

आज गंमतच झाली. गंमत म्हणजे वैतागच.

आईने फोन उचलला आणि लगेच म्हणाली, ‘माझं दूध उतू जातंय. हे आहेत इथे.’ टेबलावर फोन ठेवल्याचा आवाज आला, चपलांचा आवाज लांब गेला. मग नुसता पंखा. मी बोलेना, तिकडून कुणी बोलेना. ओटीपीचा काटा इकडे पळतोय. शेवटी खाकरणं ऐकू आलं.

‘चार,’ बाबा म्हणाले.

मी लिहिलं.

‘शून्य.’

मी लिहिलं.

मग थांबले. आणि म्हणाले, ‘तिला विचार, तिकडे आत्ता किती वाजले.’

कुणाला सांगत होते? आई स्वयंपाकघरात! खोलीत चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, ‘आई, त्यांना सांग, इथे दुपारचे दोन वाजलेत.’

‘तिला विचार, जेवली का.’

‘आई, त्यांना सांग, जेवले.’

‘काय जेवली म्हणावं?’

‘सांग त्यांना, डबा नेला होता.’

‘हं,’ ते म्हणाले. ‘नऊ.’

एवढ्यात ओटीपी बाद. मी सांगितलं, अर्थात आईला उद्देशून, की परत पाठवते. ‘तिला सांग, पाठव म्हणावं. मला काय काम आहे?’ दुसराही बाद झाला, कारण मध्येच त्यांनी नळाची गोष्ट काढली. नळ गळत होता, प्लंबरने तीनदा फसवलं, शेवटी यांनी स्वतः वायसर बदलला. ही सगळी हकीकत आईला सांगितली गेली. आईला, जी त्याच घरात राहते आणि त्याच नळावर भांडी घासते.

आई आली तेव्हा मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, एवढा वेळ दूध उतू जातं? ती म्हणाली, ‘दोन लिटर होतं.’

२० जुलै

आज फॉर्मच्या आत पोचले आणि अडकले. त्यांना हवंय की गेल्या आर्थिक वर्षात मी मायदेशात किती दिवस होते. त्यावर ठरणार मी तिकडची रहिवासी की नाही आणि इथल्या पगाराचा हिशेब त्यांना द्यायचा की नाही. पासपोर्ट काढला. माझ्या नशिबाने सगळ्या जगात शाई संपत आलेला शिक्का माझ्याच पानावर बसलाय. तारखेच्या जागी निळा डाग.

घरी फोन लावला. आई शेजारणीकडे गेली होती. म्हणून मग, आईच नाही तर आईला कसं विचारायचं, अशा पेचात मी मोघमच म्हटलं, ‘मी निघाले ती तारीख कुणाला माहीत आहे का?’

पलीकडून क्षणाचाही वेळ न लागता, ‘अकरा. बुधवार. सकाळचं विमान, ते निघालं पाऊण तास उशिरा. मधल्या ठिकाणी दुसरं बदललं. पोचलं गुरुवारी, तिकडच्या पहाटे.’

मी म्हटलं, ‘विमान उशिरा निघाल्याचं कुणी सांगितलं?’

‘कळलं,’ ते म्हणाले.

निघायच्या दिवशी हा माणूस पेपर तोंडासमोर धरून बसला होता. मी पाया पडले तर पेपरच्या आडून हात आला आणि माझ्या डोक्याऐवजी खांद्यावर पडला, कारण बघतच नव्हते. विमानतळावर आई आणि मामा आले होते. मी आईला पोचल्याचा फोन केला तो दुपारी. मग पहाटे पोचलं हे यांना कसं कळलं? असतील बसले विमानांच्या वेळा बघत. रिकामपण, दुसरं काय.

तारीख भरली. मग फॉर्म बाजूला ठेवला आणि रडले. लिहून टाकते, म्हणजे झालं. मला बाबांची आठवण येते. ते बोलत नाहीत याचा मला भयंकर राग येतो आणि फोन मात्र ठेववत नाही. मी गेले म्हणजे त्यांना सोडून गेले असं थोडंच आहे? ही गोष्ट त्यांनी विचारली असती तर सांगितली असती. विचारलीच नाही. मग मी तरी का आपणहून नमतं घ्यायचं? मुलगी कुणाची आहे?

फॉर्म न साठवताच बंद झाला. उद्या परत.

२५ जुलै

चार दिवस रोज प्रयत्न चालू आहे. प्रगती शष्प.

एक मात्र खरं, फोन आता पहिल्या रिंगला उचलला जातो. आणि आईच्या नाही, बाबांच्या फोनवर मी थेट करते, कारण ओटीपी तिथेच येतो, उगाच दोन फोन कशाला अडकवा. आई रोज त्याच वेळेला शेजारणीकडे असते. या शेजारणीशी तिचं गेली कित्येक वर्षं पाण्यावरून वाकडं होतं. एकाएकी एवढं गूळपीठ कसं जमलं कोण जाणे.

बाबांचं वाचन दिवसेंदिवस संथ होत चाललंय. ‘तीन. तिला सांग, मामाच्या मुलाचं ठरतंय. मुलगी चांगली आहे. आठ. तिला सांग, डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो, नंबर तोच आहे. एक. कॉलेजातला तो शिपाई भेटला होता, विचारत होता मॅडम कशा आहेत. मी म्हटलं, शिकवते तिकडे. मोठमोठे डॉक्टर येतात तिच्याकडे शिकायला. परत एक.’

दंतवैद्याची बातमी मी आईला सांगितली होती. एका दंतवैद्याचे मोठमोठे डॉक्टर कधी झाले ते मला माहीत नाही. दुरुस्त करायला गेले असते तर तेवढ्यात ओटीपी बाद झाला असता. तसा तो झालाच.

अशाने कसं वेळेत व्हायचं? सहा दिवस उरलेत. मला खरंच कळत नाही की इतक्या साध्या गोष्टीला एवढा वेळ का लागतोय. मी तर बिचारी वेळेवर फोन करते, वही-पेन घेऊन बसते. वर्गाची वेळही बदलून घेतली त्यासाठी.

२९ जुलै

सल्लागाराने घात केला. म्हणजे उपकार केले.

शिक्षकांच्या खोलीत मी लॅपटॉप उघडून, ओटीपी मागवून, फोन लावायच्या बेतात होते. हा मागून आला. ‘अजून तुमचं तेच चाललंय? सरका.’ मला काही सुचेपर्यंत बसलासुद्धा. म्हणाला, एकदा आत शिरू, मग नंबरच बदलून टाकू. मी बाबांना फोन लावला आणि कुणी ऐकतंय म्हणून असेल, पण थेट बाबांना म्हटलं, ‘जरा लवकर वाचा, इथे लोक थांबलेत.’

बाबांनी सहाच्या सहा आकडे एका दमात वाचले. खणखणीत. मीटरखालून ओरडून सांगत असल्यासारखे. मला लिहितासुद्धा येईनात इतके भरभर, पण सल्लागाराने टिपले. मी ‘ठेवते’ म्हटलं, त्यांनी ‘बरं’ म्हटलं.

मग त्याने माझा इथला नंबर टाकला. पुढचा ओटीपी माझ्या हातातल्या फोनवर टुणकन आला. फॉर्म भरला, पाठवला, पक्का केला. कापलेला कर परत मिळणार म्हणे, आकडा बरा आहे. सगळं मिळून मधली सुट्टीसुद्धा संपली नव्हती. सल्लागाराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आता त्याच्या नावाने पोवाडा रचीन. मी त्याला म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं? नंतर वाईट वाटलं, म्हणून त्याला कॉफी पाजली. पण का चिडले ते सांगता आलं नाही.

झालं काम. वेळेत झालं. मी खूश आहे.

३० जुलै

आईला फोन करून सांगितलं की रिटर्न भरलं, आता ओटीपी माझ्याच फोनवर येईल, तुम्हाला त्रास नाही.

‘झालं?’ आई म्हणाली. ‘एवढ्यात?’

एवढ्यात! म्हटलं, महिना गेला त्यात.

‘बरं, बरं. ह्यांना तूच सांग. मी नाही सांगणार. सकाळपासून फोन समोर घेऊन बसलेत. तुझ्या फोनच्या वेळेला दुसऱ्या कुणाचा फोन घेत नाहीत, लाइन अडते म्हणतात.’

मी म्हटलं, सांगेन. सांगितलं नाही. काय सांगणार? ‘बाबा, तुमची गरज संपली’? सीएदादाचा मेसेज आला, ‘शाबास. आता वर्षभर कटकट नाही.’ वर्षभर. मी फोन उलटा करून ठेवला.

३१ जुलै

शिकवलं. आले. चादरी बघितल्या.

१ ऑगस्ट

कशाला फोन करायचा याचा विचार केला. तब्येत विचारायला? मग ते म्हणणार, ‘तिला सांग, बरी आहे.’ आणि मग? मध्ये आकडे नसले तर आम्हाला बोलता येईल असं मला वाटत नाही. नोकरीबद्दल बोलावं लागेल, आणि ते आम्हाला दोघांनाही जमणार नाही. उद्या बघू. उद्या रविवार, उद्या नको.

३ ऑगस्ट

आज नेहमीच्या वेळेला फोन वाजला. मी केलेला नाही. माझा वाजला. बाबांचा नंबर. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी आपणहून लावलेला.

काम संपल्यावर वर्ग परत याच वेळेला घेतला होता, तो चालू होता. मी फोन वर्गात कधी घेत नाही. घेतला. बँकेतल्या बाईंना म्हटलं, पुढचं पान वाचा, आणि बाहेर जिन्यात गेले.

‘आलाय,’ बाबा म्हणाले.

‘काय?’

‘तुझा आकडा. घे लिहून.’

मी काहीच मागवलं नव्हतं. मागवलं असतं तरी त्यांच्याकडे आता येणारच नाही. मी काही बोलणार इतक्यात त्यांनी सुरुवात केली. ‘दोन. सहा. सहा. शून्य.’ मध्ये थांबले. ‘पाच. दोन.’

लिहायला जवळ काही नव्हतं. खडूने जिन्याच्या भिंतीवर लिहिलं.

बाबांच्या खात्यात असे लोक होते जे मीटरपर्यंत जायचा कंटाळा करून घरबसल्या अंदाजाने आकडे भरायचे. बाबा त्यांना सरळ चोर म्हणत. स्वतः तापात असतानासुद्धा चार जिने चढून जात, पण मीटर डोळ्यांनी न बघता त्यांनी नोकरीत एक आकडा लिहिला नाही.

‘परत सांगता का?’ मी म्हटलं. ‘नीट ऐकू आलं नाही.’

‘दोन, सहा, सहा,’ ते म्हणाले. ‘आठ. पाच. एक.’

भिंतीवरचे आणि हे जुळत नव्हते. पलीकडे नुसता पंखा ऐकू येत होता. आईचा आवाज नाही, दूध नाही, काही नाही.

‘चालला का?’ त्यांनी विचारलं. तिला विचार नाही. थेट मला.

‘नाही हो बाबा,’ मी म्हटलं. ‘बाद झाला. उशीर झाला आपल्याला.’

‘मग?’

‘उद्या परत येईल.’

‘किती वाजता?’

‘याच वेळेला.’

‘बरं,’ बाबा म्हणाले. ‘मी फोन जवळच ठेवतो.’